चादर धरणारे

फोर्टात, बोरा बाजाराच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर
माझं काम डाग काढायचं.
फोटो स्क्रीनवर चौपट करायचा,
शेजारची चांगली कातडी उचलायची
आणि डागावर आणून बसवायची.
कडा अशा विरघळवायच्या
की कुणी विचारू नये, इथे आधी काय होतं.
सोळा वर्षं झाली. हात बसलाय.

यास्मिन दलवाई काचेच्या प्लेटांचे स्कॅन घेऊन आली,
कुठल्याशा सरकारी कपाटातले,
सात अर्ज करून मिळालेले.
म्हणाली, यातलं काही पुसायचं नाही.
ओरखडा, बुरशी, कारकुनाचा अंगठा,
सगळं राहू दे.

पहिल्याच प्लेटवर एक बाप्या, उघडा.
नाकावर पितळी चिमटा,
चिमट्यामागे गोरं मनगट, कफाला बटण.
खाली शाईने: अनुक्रमांक एकतीस. फासेपारधी.
नाकाची रुंदी अमुक. सवय, चोरी.
मापही त्याच अक्षरात, सवयही त्याच.

मी माउस सोडला. पाणी प्यायलो.

ऑफिसात मी काळे.
बर्वेबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
कोकणातले की देशावरचे?
देशावरचे, म्हटलं.
खोटं नाही ते.
सोलापूरकडच्या तारेच्या कुंपणातले,
एवढं फक्त पुढे बोललो नाही.
आज्याचं नाव तहसील्या,
जन्मला त्या दिवशी तहसीलदार तपासणीला आला होता म्हणून.
दिवसातून तीनदा हजेरी.
म्हातारपणीही कुणी नाव घेतलं की उभा राहायचा,
जेवता जेवता, घास हातात.
आडनाव मात्र नीट बसलं.
शेजारची कातडी.

यास्मिन म्हणाली, चेहरा नकोय मला.
तो शंभर वर्षं बघून झालाय.
मग प्लेटच्या पार कडेला बोट ठेवलं,
साहेब छापताना जिथे कात्री चालवायचा तिथे.

बोटं.
बाप्यामागे पांढरी चादर ताणलेली,
आणि ती धरून दोन्हीकडून कुणीतरी उभं.
डावीकडे चार बोटं. उजवीकडे तीन, त्यातलं एक अर्धंच.
कोण असणार?
त्याच तारेतले.
आज एकतिसाच्या मागे चादर धरायची,
उद्या तीच चादर दुसरा धरणार,
आपण बत्तीस.

तेवढंच छापलं. सात फूट बाय पाच.
पांढरं, पांढरं, चादरीची एक सुरकुती,
एक ठिगळ,
आणि कडेला नखं, मातीने भरलेली.

छापायच्या आदल्या रात्री
उजवीकडच्या करंगळीवर काळा ठिपका दिसला.
हात बसलेला. पुसून टाकला.
पुसल्यावर कळलं, गोंदण होतं.
बाईचा हात.
दोन्ही हातांनी मान धरून बसलो थोडा वेळ.
मग पुसलेलं मागे घेतलं
आणि तीनदा बघितलं, ती आली का परत.

गेल्या महिन्यात नालासोपाऱ्यात
माझ्या चुलतभावाला, मिरच्याला, उचललं.
कुणाची तरी चेन गेली होती.
चौकीत भिंतीला उभा केला, मोबाइलवर फोटो काढला,
समोरून एक, बाजूने एक.
भिंत पांढरी.
तिला धरायला कुणी लागत नाही.

काळा घोड्याला प्रदर्शन लागलं.
लोक ग्लास घेऊन चित्रापासून मागे मागे जात होते.
किती शांत आहे, नाही, कुणीतरी म्हणालं.
मिरच्या तेव्हा जामिनावर,
माझ्या खोलीत, पंख्याखाली झोपलेला.

बर्वेबाई मात्र जवळ गेल्या. कामाची नजर.
काळे, अहो, करंगळीवरचा डाग राहिला की.

राहिला नाही, म्हटलं. ठेवलाय.
आमच्यातली आहे ती.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला
आणि चित्राकडे नाही,
माझ्या हातांकडे बघितलं.